नैनारांच्या तिण्णैवर

आमच्या कुंभकोणमच्या घरात धर्माची गोष्ट निघायची ती बहुधा जेवणावरून. संध्याकाळी आजी समईची वात वळत बसलेली असायची, आमटीला अजून फोडणीही पडलेली नसायची, आणि शेजारच्या नैनारांकडे तोवर जेवणं आटोपून केळीची पानं बाहेर गेलेली असायची. सूर्य मावळला की त्या घरात घास नाही. थोरली माणसं तर पाण्याचा घोटही घेत नसत. आम्हा पोरांना त्यांची फार काळजी वाटायची. रात्री आमच्याकडच्या पिठल्याचा वास भिंतीपलीकडे जात असेल, त्यांना भूक लागत नसेल का, असं मी एकदा आजीला विचारलं. ती म्हणाली, "त्यांनाच विचार ना. मी कशाला सांगू?" आजीचं हे कायमचं होतं. दुसऱ्याच्या देवाधर्माबद्दल ती आपल्या तोंडानं कधी काही सांगायची नाही. ज्याचं त्याला विचारायला पाठवायची.

म्हणून मी जायची. तमिळ घरांच्या दाराबाहेर दोन्ही बाजूंना उंच, गार ओटे असतात, त्यांना तिकडे तिण्णै म्हणतात. नैनारांच्या तिण्णैवर दुपारी थोरल्या अम्मा तांदूळ निवडत बसायच्या. त्या माझ्या आजीला 'रायर अम्मा' म्हणत आणि आजी त्यांना 'नैनार अम्मा'. दोघींनी एकमेकींची खरी नावं कधी घेतली असतील असं मला वाटत नाही.

आम्ही रायर, म्हणजे तंजावरकडचे मराठी. एकोजीराजे 1675च्या सुमारास तंजावरला आले, त्यांच्या मागोमाग कारकून, पंडित, कीर्तनकार आले, आणि 1855 साली राज्य खालसा झालं तरी माणसं तिथंच राहिली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोद्याची दिवाणगिरी केलेले सर टी. माधवराव 1828 साली जन्मले ते आमच्या कुंभकोणमलाच. आजोबा हे सांगताना सरळ होऊन बसायचे. अंबट भाजी आणि डांगर पचडी या दोन गोष्टींवर आमचं मराठीपण टिकून होतं असं आई म्हणायची. भाषा मात्र तमिळमध्ये बुडवून काढलेली.

नैनार तिथले आमच्याहून फार जुने. उत्तरेकडून व्यापाराला आलेले मारवाडी, गुजराती जैन वेगळे. हे तमिळ जैन, दिगंबर पंथाचे, मातृभाषा तमिळ. मदुरेजवळच्या डोंगरांतल्या गुहांमध्ये जैन मुनींसाठी कोरलेल्या दगडी शय्या आहेत, त्यांच्यावरचे तमिळ-ब्राह्मी लेख इसवी सनाच्या आधीचे आहेत. या तमिळ जैनांची वस्ती मुख्यतः उत्तरेकडे, वंदवासी-तिंडिवनमच्या बाजूला, शेतकऱ्यांची. मेल सित्तामूरला त्यांचा मठ आहे. आमच्या कावेरीकाठी घरं थोडी, पण देवळं आहेत. कुंभकोणममध्ये चंद्रप्रभ, मन्नारगुडीत मल्लिनाथ, तंजावरच्या करंदैमध्ये आणि दीपंगुडीला आदिनाथ. चंद्रप्रभ हे आठवे तीर्थंकर, त्यांचं चिन्ह चंद्र. मूर्तीच्या डोक्यावर एकावर एक तीन छत्रं असतात. ती तीन छत्रं बघायला मिळावीत म्हणून मी अम्मांच्या मागं लागून देवळात जायची.

तिथं मी विचारलेला प्रश्न मला अजून आठवतो, कारण त्यावर अम्मा बराच वेळ बोलल्या होत्या. मी विचारलं, हा देव काय देतो? अम्मा म्हणाल्या, काही देत नाही. हे जग कुणी केलेलं नाही, ते आहेच. हे जे समोर बसलेत ते आपल्यासारखेच जन्मले, आपल्याच पायांनी पलीकडे गेले आणि जाताना वाट दाखवून गेले. असे चोवीस झाले. पहिले ऋषभदेव, ज्यांना आदिनाथ म्हणतात, आणि शेवटचे वर्धमान महावीर. आपण हात जोडायचे ते त्यांच्यासारखं व्हावं म्हणून, मागायला नाही. त्यांचा जो मोठा मंत्र आहे, णमोकार, त्यात नमस्कार आहे तो अरिहंतांना, सिद्धांना, आचार्यांना, उपाध्यायांना आणि सगळ्या साधूंना. एकाही व्यक्तीचं नाव त्यात नाही. आमच्या घरी देवाला रोज काही ना काही मागणं असायचं, आजोबांचा दमा, काकांची बदली, बहिणीचं लग्न. न मागता देवापुढं उभं राहणं ही कल्पनाच मला नवी होती आणि मी ती घरी येऊन करून पाहिली होती. फार वेळ जमलं नाही.

कर्म म्हणजे काय, हे त्यांनी सांगितलं ते तेल लावताना. शुक्रवारी बायकामुलींनी तीळतेल चोपडून न्हायचं, ही तमिळ घरांची रीत आम्हीही उचलली होती. मी अंगभर तेल लावून अंगणात बागडत होते, तर अम्मांनी ओरडून वर बोलावलं. कोरड्या अंगावर धूळ बसली तर झटकून जाते, तेलकट अंगाला चिकटते, म्हणाल्या. कर्म ही त्यांच्याकडे नुसती हिशेबाची वही नव्हे. तो खरोखरचा बारीक कण आहे, पुद्गल, जो जिवाला येऊन चिकटतो. आणि चिकटतो तो राग, गर्व, कपट, लोभ या चार कषायांच्या तेलामुळं. कण येतात तो आस्रव, चिकटतात तो बंध. येणं थांबवायचं तो संवर, चिकटलेले झाडून काढायचे ती निर्जरा, आणि सगळं निघून गेलं की मोक्ष. हे शब्द मला त्या वयात कळले असतील असं नाही. ते पुढं वाचताना भेटले, तेव्हा प्रत्येकाला तीळतेलाचा वास होता.

आणि पाणी. विहिरीचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळून घ्यायचं हे पुष्कळ घरी असतं. अम्मा ते फडकं उलटं धरून वरून थोडं गाळलेलं पाणी ओतायच्या आणि ते धुवण परत विहिरीत सोडायच्या, हळू, दोरीनं भांडं खाली नेऊन. गाळण्यात अडकलेले जीव जिथले तिथं गेले पाहिजेत. पाणी, माती, वारा, अग्नी, झाडं यांतही जीव आहे, त्याला स्पर्शाचं एकच इंद्रिय. अळीला दोन, मुंगीला तीन, माशीला चार, आपल्याला पाच. रात्रीचं न जेवणं त्यातलंच: दिव्यावर किडे येतात, अन्नात पडतात, दिसत नाहीत. जमिनीखालचे कंद नकोत, कारण एका कंदात अगणित जीव. आमच्या आजीचा चातुर्मास कांदेनवमीपासून कांदा-लसूण-वांग्यापुरता. त्यांच्या मुनींचा चातुर्मास म्हणजे पावसाळ्यात हिरवळीवर पाय पडू नये म्हणून चार महिने एकाच गावी मुक्काम. तिकडे मोठा पाऊस ऐप्पसी-कार्तिकैत, आपल्या दिवाळीच्या पुढंमागं येतो, म्हणजे चातुर्मास सरता सरता. मी हे अम्मांना विचारल्याचं आठवतं, उत्तर आठवत नाही. दिवाळी त्यांचीही असतेच. महावीर पावापुरीला निर्वाणाला गेले ती पहाट, म्हणून दिवे.

अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह. मुनींनी ही पाच व्रतं पुरी पाळायची, संसारी माणसानं झेपतील तेवढी, अणुव्रतं म्हणून. अपरिग्रहाचं मला आजही अप्रूप आहे. गृहस्थानं आपली मर्यादा आपणच ठरवायची, एवढं धान्य, एवढी भांडी, एवढं सोनं, त्याच्या वर नको. कुंभकोणम हे पितळी भांड्यांचं, रेशमाचं गाव, दारोदार सौदे. त्या गावात नैनार अम्मांच्या स्वयंपाकघरात फळीवरची एक जागा रिकामी असायची, आणि ती भरायची नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

आता आजोबांची गोष्ट. खरं तर ती पणजोबांची. ते कावेरीकाठच्या सरकारी कॉलेजात शिकले. 1854 साली सुरू झालेलं हे कॉलेज, लोक त्याला दक्षिणेचं केंब्रिज म्हणत. तिथं 1880 साली तमिळ शिकवायला उ. वे. स्वामिनाथ अय्यर आले, वय पंचवीस, जवळच्याच उत्तमदानपुरमचे, शैव मठाच्या छायेत वाढलेले. पुढं साऱ्या तमिळ देशानं त्यांना तमिळ तात्ता, तमिळचे आजोबा म्हटलं. पणजोबा त्यांच्या वर्गात बसले होते, असं घरात सांगत. निदान कॉलेजच्या आवारात त्यांना रोज बघत होते, एवढं नक्की.

त्याच वर्षी 21 ऑक्टोबरला, गुरुवारी, अय्यर गावात नव्यानं आलेल्या मुन्सफांना भेटायला गेले. सेलम रामस्वामी मुदलियार त्यांचं नाव. मुन्सफांनी विचारलं, काय काय शिकलात? अय्यरांनी यादी सांगितली. अंतादी, पिळ्ळैतमिळ, कोवै, पुराणं, शेकडो ग्रंथ. मुन्सफ ऐकत राहिले आणि म्हणाले, याचा काय उपयोग, जुनं काही वाचलंय का? जीवकचिंतामणी वाचलंय? वाचलेलं नव्हतं. ते महाकाव्य तिरुत्तक्कदेवर नावाच्या जैन मुनींचं, सुमारे दहाव्या शतकातलं, तीन हजारांहून जास्त कडव्यांचं. मुन्सफांनी हस्तलिखित हातात ठेवलं. अय्यरांना तमिळ शब्द कळत होते, तरी ओळी उघडत नव्हत्या. पानोपानी जैनांच्या गोष्टी: गुणस्थानं, गती, कर्मांचे प्रकार. टीकाकार नच्चिनार्क्किनियर आधाराला होते, पण त्यांची टीकाही जैन मत जाणणाऱ्यालाच उलगडणार.

मग त्यांनी आजी जे मला सांगायची तेच केलं. गावात जैन कुठं राहतात ते विचारलं आणि त्यांच्या दारी गेले. एका शैव ब्राह्मणानं, कॉलेजच्या पंडितानं, 1880च्या त्या काळात जैनाच्या घरी शिष्य म्हणून जाणं साधं नव्हतं. आजोबा इथं नेहमी थांबायचे, पानाला चुना लावायचे. कुंभकोणमचं कोवळं पान, ते खाल्ल्याशिवाय पुढं सरकायचे नाहीत.

त्या घराला आंब्याच्या पानांचं तोरण लावलेलं होतं, दारात मोठा कोलम घातलेला. अय्यरांनी विचारलं, आज काय सण आहे? घरचे म्हणाले, सहा महिने चिंतामणीचं वाचन चाललं होतं, ते आज पुरं झालं.

ज्या ग्रंथासाठी हा माणूस अडून बसला होता, विद्वानांच्या सभेत ज्याचं कुणी नावही घेत नव्हतं, तो त्याच गावात, त्याच्या बिऱ्हाडापासून चालत जाण्याच्या अंतरावर घरोघरचा होता. आपल्याकडे जशी पोथी लागते तसा तो वाचला जात होता, अर्थ सांगितला जात होता, आणि संपला की तोरण बांधलं जात होतं. मला वाटतं कुंभकोणममध्ये घडलेल्या गोष्टींत हिच्याएवढी मोठी दुसरी नाही. बारा वर्षांनी महामहमला लाखो माणसं तळ्यात बुडी मारायला येतात, ते धरूनही म्हणते.

चंद्रनाथ चेट्टियार नावाचे एक जाणकार जैन गृहस्थ त्यांना भेटले. अय्यर त्यांच्याकडे शंका घेऊन जात राहिले. त्यांचे प्रश्न ऐकून आतल्या बाजूनं घरातली एक बाई म्हणाली की हे भव्यजीव दिसतात, म्हणजे मोक्षाची पात्रता असलेले; असं आमच्याकडे सांगतात. आजोबा हे सांगताना गळ्यात आवंढा आल्यासारखे थांबायचे. जैनांच्या घरातून दुसऱ्या धर्माच्या माणसाला याहून मोठं काय मिळणार? 1887 साली चिंतामणी छापून निघालं. त्यामागून 1889 साली पत्तुप्पाट्टु, 1892 साली शिलप्पदिकारम, 1898 साली मणिमेखलै. तमिळ माणसाला आपलं जुनं वैभव परत मिळालं त्याची सुरुवात या एका तिण्णैवरून झाली.

चिंतामणीतली गोष्ट आजोबा आम्हाला उन्हाळ्यात माडीवर झोपताना सांगायचे. राजाचं राज्य प्रधान बळकावतो, गरोदर राणी मोराच्या आकाराच्या उडत्या यंत्रात बसून निसटते, ते यंत्र स्मशानात उतरतं, तिथं जीवक जन्मतो. एक व्यापारी त्याला वाढवतो. पुढं आठ लग्नं, लढाया, वीणेच्या स्पर्धा, राज्य परत. त्या मुनींनी शृंगार इतका मन लावून लिहिला की लोकांनी या ग्रंथाला लग्नांचं पुस्तक असंच नाव दिलं. आणि मग बागेतला तो प्रसंग. एक वानर फणसाचा तुकडा काढून आपल्या वानरीला देतो, तेवढ्यात बागेचा राखणदार येतो, त्यांना हाकलतो आणि फणस आपण घेतो. जीवक बघतो. प्रधानानं आपल्या बापाकडून घेतलं, आपण प्रधानाकडून घेतलं, आता आपल्याकडून कोण घेईल? राज्य मुलाला देऊन तो महावीरांकडे निघून जातो. इथपर्यंत आम्ही सहसा झोपलेलो असायचो. फणसाचा शेवट मला मोठेपणी कळला.

एक गोष्ट मात्र आजोबांनी माडीवर कधी सांगितली नाही. ती मला नैनारांच्या घरातल्या थोरल्या पुरुषाकडून कळली, आणि तीही मीच विचारल्यावर. कुंभकोणमहून थोड्या अंतरावर पळैयारै आहे, चोळांच्या वाड्याचं गाव, आता शेतं आणि थोडी देवळं. सातव्या शतकातले शैव संत अप्पर आधी जैन मुनी होते, धर्मसेन नावाचे. पुढं शिवभक्त झाले. पेरियपुराणात असं आहे की पळैयारैचं शिवमंदिर जैनांनी झाकून टाकलं होतं, अप्पर तिथं उपाशी बसले, राजाला स्वप्नात दृष्टान्त झाला, मंदिर उघडलं गेलं, आणि हजार जैन मुनींना हत्तींच्या पायी दिलं. शाळेत आम्हाला अप्परांची महती शिकवलेली होती. हत्तींपाशी कुणी थांबलं नव्हतं.

मी विचारलं, हे खरं का? मोठे नैनार खूप वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी सांगितलं ते दुसरंच. त्याच पळैयारैच्या वाड्यात तीनशेहून अधिक वर्षांनी राजराज चोळाची थोरली बहीण कुंदवै राहायची. तिनं शिवाची, विष्णूची देवळं बांधली, आणि तिरुमलैला आणि दादापुरमला जिनालयंही बांधली. कुंदवै जिनालय म्हणूनच ती ओळखली जातात. अप्परांना ज्या जागी देव सापडला तिथंच आमची माणसं गेली, आणि जिथं आमची माणसं गेली तिथल्याच एका मुलीनं आम्हाला देऊळ दिलं. "यातलं एकच धरून बसलीस तर ते खोटं होईल," ते म्हणाले. अनेकांत, स्याद्वाद, सप्तभंगी यांवर मी पुढं पुस्तकं वाचली, वस्तूला अनेक अंग असतात, प्रत्येक विधान कुठल्या तरी एका बाजूनंच खरं असतं, हे सगळं तर्कशुद्ध मांडलेलं वाचलं. पण ज्याच्या पूर्वजांवर हत्ती घातल्याची कथा गावात गातात, त्या माणसानं ती गाणाऱ्याचीही बाजू मला आधी सांगितली, हे मी पाहिलं होतं.

लग्न होऊन मी सांगलीला आले. इथं जैन म्हणजे मळेवाले शेतकरी, ऊस, तंबाखू, हळद, आणि कोल्हापुरी ठसक्याची मराठी. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्यातलेच, जन्म कुंभोजचा, 1887 सालचा. त्याच साली तिकडे चिंतामणी छापून निघालं, हा मेळ मी घरातल्यांना इतक्यांदा ऐकवलाय की आता कुणी मान वर करत नाही. शेजारच्या मळ्यातल्या आक्कांना मी पहिल्यांदा म्हणाले की आमच्या कुंभकोणमलाही तुमचे जैन आहेत, तर त्यांना खरंच वाटेना. मद्राशात जैन? मग हळूहळू दुपारची आमची बैठक बसली.

आक्कांच्या सासूबाई 1955 साली कुंथलगिरीला जाऊन आल्या होत्या. आचार्य शांतिसागर महाराजांनी तिथं सल्लेखना घेतली होती. शरीर व्रत सांभाळण्याच्या पलीकडं गेलं की अन्न, मग पाणी, पायरीपायरीनं सोडत शांत मनानं देह ठेवायचा. छत्तीस दिवस महाराज तसे होते. म्हाताऱ्या सासूबाई ते सांगताना रडत नव्हत्या. गर्दीत कुणी कुणाला धक्का देत नव्हतं, एवढंच पुन्हा पुन्हा सांगायच्या. त्यावर मी त्यांना शिलप्पदिकारममधल्या कवुंदी अडिगळ या जैन साध्वीची गोष्ट सांगितली. कावेरी जिथं समुद्राला मिळते त्या पुहारपासून निघालेल्या कोवलन आणि कण्णगीबरोबर ती मदुरेपर्यंत चालत गेली, वाटेतल्या बारक्या जिवांवर पाय पडू नये म्हणून खाली बघत. पुढं त्या दोघांचं काय झालं ते कानावर आल्यावर तिनं अन्न सोडलं. सासूबाईंनी कवुंदीचं नाव दोनदा म्हणून बघितलं आणि हात जोडले.

मग एका दुपारी मी चिंतामणी काढलं. राजा, प्रधान, गरोदर राणी. मोराच्या यंत्रापर्यंत आले असेन, आणि सासूबाईंनी मला थांबवलं. "पोरी, त्या प्रधानाचं नाव काष्ठांगार. आणि पोराचं जीवंधर. आमच्या पाठशाळेत सांगत." संस्कृतातल्या क्षत्रचूडामणीत, गद्यचिंतामणीत तीच कथा आहे, हे मला ठाऊक नव्हतं. त्यांनी पाय पसरले, सुनेला ताक आणायला सांगितलं आणि पुढची गोष्ट स्वतः सांगायला घेतली, आठही लग्नांसकट, प्रत्येक बायकोच्या नावासकट. फणसापाशी आल्यावर मी माझा शेवट सांगितला, त्यांनी त्यांचा. राखणदार दोन्हीकडे तोच होता. ऊन उतरायला लागलं तशी आक्कांनी जेवणाची ताटं घेतली, आणि सासूबाई म्हणाल्या, "आज हितंच जेव. अंधार पडायच्या आत हुईल."